गावाचा हिशेब जाणणारे अर्थमंत्री : चिंतामणराव देशमुख

वाचकहो, मृगाच्या तोंडावर तुम्ही तालुक्याच्या गावी बँकेच्या रांगेत उभे राहता. हातात सात-बारा, आठ-अ, सोसायटीचा बेबाकी दाखला. मागचं नवं-जुनं झालेलं असतं, नाहीतर व्हायचं असतं. साहेब जेवायला गेलेले असतात आणि तुम्ही मनातल्या मनात बँकेला चार शब्द ऐकवता. तो तुमचा हक्कच आहे. पण कधी असा विचार केला आहे का, की ही बँक तालुक्याच्या गावी आलीच कशी? तुमच्या आजोबांच्या वेळी ती इथे नव्हती. त्यांना पेरणीसाठी पैसे हवे असले, तर वाण्याच्या ओसरीवर नाहीतर सावकाराच्या बैठकीवर जावं लागे.

ही बँक गावाकडे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते स्वतंत्र भारताचे तिसरे अर्थमंत्री डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. आपण त्यांना सी. डी. देशमुख किंवा चिंतामणराव म्हणून ओळखतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर तेच. महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारेही तेच. आज त्यांची कहाणी थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण ती शेतकऱ्याच्या कामाची आहे आणि तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचा सचिव यांच्याही कामाची आहे.

नाते गावचा मुलगा

महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना वाटेत नाते गाव लागतं. तिथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणरावांचा जन्म झाला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. घराण्याचं मूळ रोह्याकडचं. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते आणि आई भागीरथीबाई देवाधर्माच्या. घर शिकलेलं, पण कोकणातलंच. भातखाचरं, पावसाळ्यातली ओढग्रस्त, कुळ आणि खोत यांची भांडणं, हे सगळं या मुलाच्या डोळ्यांसमोर होतं.

मुलगा अभ्यासात असा निघाला की मुंबई इलाख्याने तोंडात बोट घातलं. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९१२ साली तो मॅट्रिकला बसला आणि पहिला आला. संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. त्याच्या यशावर कवी गोविंदाग्रजांनी, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांनी कविता लिहिली होती. मॅट्रिकच्या निकालावर एवढ्या मोठ्या कवीने कविता करावी, यावरून तो निकाल काय गाजला असेल ते बघा.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आणि तिथून इंग्लंड. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी १९१७ साली घेतली. विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रासाठी फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं. आता तुम्ही म्हणाल, पुढे अर्थमंत्री व्हायचं तर झाडं, माती आणि दगड कशाला शिकायचे? थांबा, पुढे त्याचा उपयोग दिसेल.

१९१८ साली ते आय.सी.एस.च्या परीक्षेला बसले. ती परीक्षा त्या वेळी लंडनलाच होत असे आणि गोऱ्या मुलांशी सामना असे. चिंतामणराव त्यात पहिले आले. लोकमान्य टिळक त्याच सुमारास चिरोल खटल्यासाठी लंडनला होते. नोकरी सोडून चळवळीत यावं का, असं या तरुणाने लोकमान्यांना विचारलं आणि स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारी माणसं लागतील म्हणून नोकरीतच राहा, असा सल्ला त्यांना मिळाला, असं सांगतात. पुढचं आयुष्य पाहिलं, तर ही गोष्ट पटण्यासारखी आहे.

जमाबंदीची शाळा

१९२० साली रोझिना सिल्कॉक्स या इंग्रज मुलीशी लग्न करून ते मायदेशी आले. नेमणूक झाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, नागपूर ही तिथली राजधानी. पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी तिकडेच काढली. जिल्ह्याचा कारभार पाहिला, सचिवालयात महसूल आणि अर्थखात्याचे सचिव झाले. पण तलाठी बंधूंनो, तुमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं काम वेगळंच आहे. ते रायपूर जिल्ह्यात जमाबंदी अधिकारी होते.

जमाबंदी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, पण नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे तलाठी, तिकडे पटवारी. आपल्या कोकणात खोत, तिकडे मालगुजार. जमाबंदी अधिकाऱ्याला गावोगाव फिरून प्रत्येक शेताचा नकाशा, खसरा आणि मातीची प्रत तपासावी लागे. छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो. काळी भारी ती कन्हार, पिवळसर हलकी ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि मुरमाड माळ म्हणजे भाठा. भाताचं खाचर उतारावर आहे की खोलगटात, तळ्याचं पाणी पोहोचतं की नाही, गावठाण किती जवळ, यावरून शेताचा दर ठरे. त्यावरून सारा आणि कुळाचा खंड. एकदा ठरलेली ही आकारणी पुढे वर्षानुवर्षं टिकायची. प्रत लावताना चूक झाली, तर एखाद्या घराला पिढीभर जादा सारा भरावा लागायचा.

माती आणि वनस्पती शिकलेल्या माणसाला या कामाहून चांगलं काम कोणतं? आणि पुढे देशाची तिजोरी सांभाळणाऱ्याला याहून चांगली शाळा कोणती? सरकारचा पैसा कुठून येतो हे त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलं होतं. गावदप्तरातली एक चुकीची नोंद माणसाला कशी बुडवते, हेही त्यांना ठाऊक होतं. आज पीकपाहणी मोबाईलवर होते, नोंदी संगणकावर आहेत. तरी नोंद खरी की खोटी हा प्रश्न जागचा हललेला नाही.

याच काळात १९३० च्या सुमाराला जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. सारा तेवढाच, कर्ज तेवढंच, पण ते फेडायला दुप्पट धान्य विकावं लागू लागलं. कर्जदार शेतकरी आणि सावकार यांच्यात तडजोड घडवून आणणारी मंडळं नेमण्याचा कायदा मध्य प्रांताने १९३३ साली केला. त्या प्रांताच्या सचिवालयात काम करणाऱ्या चिंतामणरावांना शेतकरी कर्जात कसा रुततो, हे आकड्यांत आणि माणसांत दोन्हीकडे दिसलं. मधल्या काळात, १९३१ साली, लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केलं.

नोटेवर पहिली भारतीय सही

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा अवघी चार वर्षांची होती, कारण ती १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली होती. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ च्या फेब्रुवारीत वारले आणि त्या जागी ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणरावांची नेमणूक झाली. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. नोटेवर भारतीय गव्हर्नरची सही प्रथम उमटली ती त्यांची.

काळ मोठा कठीण होता. महायुद्ध चालू होतं, इंग्रज सरकार नोटा छापून युद्धाचा खर्च भागवत होतं, महागाई आकाशाला भिडली होती. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली. युद्धासाठी भारतातून माल आणि माणसं गेली, त्याचे पैसे इंग्लंडच्या वहीत भारताच्या नावे जमा होत होते. थोडक्यात सांगायचं तर मालक कुळाचा देणेकरी झाला होता आणि पैसे कधी देणार ते सांगत नव्हता.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा जन्म तिथला. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी भारतीय सभासदांनी तिथे दोन गोष्टी ठासून मांडल्या. आमच्या येण्याचा प्रश्न सोडवा, ही एक. या नव्या संस्थांनी फक्त युद्धात पडलेली युरोपची घरं न बांधता गरीब देशांच्या प्रगतीकडेही पाहावं, ही दुसरी. पहिली गोष्ट तिथे मान्य झाली नाही. दुसरीची मात्र दखल घ्यावी लागली.

फाळणी झाली तेव्हा घर फुटल्यावर भांडी वाटावीत तशी सरकारी तिजोरीची वाटणी आली. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत, म्हणजे ३० जून १९४८ पर्यंत, रिझर्व्ह बँकेने दोन्ही देशांचं काम पाहिलं. पुढे १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. हे सगळं पार पाडून १९४९ च्या जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच वर्षी रोझिनाबाई वारल्या.

अर्थमंत्री आणि शंभर रुपयांचा हिशेब

नियोजन मंडळ १९५० च्या मार्चमध्ये स्थापन झालं, त्यात चिंतामणराव सदस्य होते. अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर १९५० च्या उन्हाळ्यात पंडित नेहरूंनी अर्थखातं त्यांच्याकडे दिलं. निवडणूक त्यांनी तोवर लढवली नव्हती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले.

तेव्हा देशात धान्य नव्हतं. रेशनवर लाल गहू आणि मिलो खाल्लेली म्हातारी माणसं तुमच्या घरात होती, आठवतं का? १९५१ साली अमेरिकेकडून वीस लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. म्हणून पहिल्या पंचवार्षिक योजनेत शेतीला अग्रमान मिळाला. एकूण २,०६९ कोटींच्या या योजनेत शेती व समाजविकास आणि पाटबंधारे व वीज मिळून जवळजवळ ४५ टक्के रक्कम होती. भाक्रा, हिराकूड, दामोदर ही धरणांची कामं त्या पैशांतून पुढे सरकली. २ ऑक्टोबर १९५२ ला समाजविकास योजना सुरू झाली. गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही नावं तिच्यातूनच पुढे रुळली. अंदाजपत्रकाची कागदपत्रं इंग्रजीबरोबर हिंदीतही छापायला सुरुवात झाली, तीही त्यांच्याच काळात, १९५५ साली.

आता मुद्द्याची गोष्ट. शेतकरी कर्ज नक्की कुणाकडून काढतो, याची पाहणी रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये हाती घेतली. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. एवढी मोठी पाहणी आपल्या देशात पूर्वी झाली नव्हती. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे राहिलेले हेच गाडगीळ.

१९५४ मध्ये अहवाल आला आणि सरकारचे डोळे उघडले. शेतकऱ्याने शंभर रुपये कर्ज काढलं, तर त्यातले सुमारे सत्तर रुपये सावकाराचे. नातेवाइकांचे चौदा. व्यापारी आणि अडत्यांचे साडेपाच. सरकारी तगाईचे सव्वातीन. सहकारी सोसायटीचे जेमतेम तीन. आणि व्यापारी बँकांचा रुपयासुद्धा नाही, पंधरा आणेही धड नाहीत. सहकाराचा कायदा १९०४ सालचा, म्हणजे पन्नास वर्षांत सोसायटीने शंभरातले तीन रुपये पुरवले!

सहकार फसला म्हणून सोडून द्या, असं समितीने म्हटलं नाही. गरिबाला दुसरी वाट नाही, म्हणून सहकार उभा करायलाच हवा, असं तिचं म्हणणं होतं. त्यासाठी उपायही सांगितले. सोसायट्यांत सरकारने भागभांडवल घालावं. कर्जाची सांगड मालविक्रीशी घालावी. माल साठवायला गोदामं बांधावीत. सेवकांना शिक्षण द्यावं. आणि एक मोठी सरकारी बँक काढून तिच्या शाखा लहान गावांत न्याव्यात.

अहवाल कपाटात ठेवायचा आणि वर दुसरी समिती नेमायची, ही रीत आपण पुष्कळ पाहिली. चिंतामणरावांनी तसं केलं नाही. त्यांनी १९५४ च्या डिसेंबरात लोकसभेत निर्णय जाहीर केला, पुढच्या वर्षी कायदा आणला आणि १ जुलै १९५५ रोजी जुन्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. इंपीरियल बँक ही मोठ्या शहरांची, व्यापाऱ्यांची आणि साहेबांची बँक. नव्या बँकेवर मात्र पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचं बंधन कायद्यानेच घातलं, आणि ते तिने पुरं केलं. शेतीला दीर्घ मुदतीचं कर्ज मिळावं म्हणून रिझर्व्ह बँकेत वेगळा निधी झाला. त्यात सुरुवातीला दहा कोटी आणि पुढे दरसाल किमान पाच कोटी घालायचे ठरले. विहीर, इंजिन, जमीन सपाटीकरण यांसाठी भूविकास बँकेकडे गेलेल्यांना त्या वाटेची आठवण असेल.

१९ जानेवारी १९५६ ला त्यांनी आणखी एक धाडसी पाऊल टाकलं. वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला. विमाकंपन्या बुडत होत्या आणि त्यांच्याबरोबर विधवांचे पैसे बुडत होते. एकूण २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. तोवर मात्र चिंतामणराव मंत्री राहिले नव्हते.

राजीनामा

हा भाग महाराष्ट्राच्या माणसाने विसरू नये. राज्य पुनर्रचनेच्या वेळी मराठी मुलखाचं एक राज्य मुंबईसह व्हावं, अशी आपली मागणी. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केलं. मुंबई पेटली. गोळीबार झाले. पुढच्या लढ्यातले धरून शंभराहून अधिक माणसं बळी पडली.

चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला होता. मध्यंतरी समेटाचे प्रयत्न झाले. पण जूनमध्ये तोच निर्णय पुन्हा जाहीर झाला, तेव्हा ते थांबले नाहीत आणि १९५६ च्या जुलैमध्ये बाहेर पडले. लोकसभेत त्यांनी निवेदन केलं. मंत्रिमंडळात नीट विचारविनिमय न होता निर्णय झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. शिवी नाही, आरडाओरड नाही. हिशेबनीस चुकीचा ताळेबंद परत करतो, तशी त्यांनी खुर्ची परत केली.

ते काही चळवळीत वाढलेले पुढारी नव्हते. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस. अशा माणसाने देशातलं वरच्या रांगेतलं पद सोडल्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला वजन आलं. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला.

खुर्ची गेली, काम राहिलं

राजीनाम्यानंतर ते घरी बसले नाहीत. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. त्या विद्यापीठात १९६२ साली टपालाने पदवीचं शिक्षण सुरू झालं. शेतावर किंवा नोकरीवर राहून शिकणाऱ्या पोरांसाठी ही वाट पुढे देशभर रुंद झाली. मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करायला स्वतंत्र मंडळ नेमा, अशी मागणी त्यांनी १९५९ मध्येच केली होती. ती तेव्हा मानली गेली नाही. त्याच वर्षी त्यांना सरकारी सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

१९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला होता. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या, घटना समितीच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. दोघांनी मिळून शिक्षण आणि स्त्रियांच्या संस्था उभ्या केल्या. संस्कृतचा नाद चिंतामणरावांनी शेवटपर्यंत सोडला नाही. स्वतः संस्कृत श्लोक रचले, मेघदूत मराठीत आणलं. बागेचीही आवड तशीच होती. अखेरची वर्षं हैदराबादेत गेली. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांनी डोळे मिटले. त्याच वर्षी १२ जुलैला नाबार्ड सुरू होऊन रिझर्व्ह बँकेचं शेतीकर्जाचं काम तिच्याकडे गेलं होतं.

आता आपला हिशेब

शेतकरी बंधूंनो, खरं बोलायचं तर सगळं काही साधलं नाही. सावकार गेला नाही, त्याने फक्त बैठक बदलली. बियाण्याच्या दुकानातली उधारी हीसुद्धा सावकारीच आहे. सोसायट्यांत सरकारी भांडवल आलं, त्याच्या मागोमाग राजकारणही आलं. चांगल्या चालणाऱ्या जिल्हा बँका कुठे आणि बुडीत निघालेल्या कुठे, हे तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे. कर्ज मालविक्रीशी जोडावं हा १९५४ सालचा सल्ला कित्येक गावांत अजून कागदावरच आहे. माल पडत्या भावात विकायचा आणि कर्ज पुढच्या वर्षावर ढकलायचं, हे चालूच आहे.

पण सावकाराचे सत्तर आणि बँकेचा एकसुद्धा नाही, तिथून आपण निघालो होतो, हेही ध्यानात ठेवा. हा आकडा कुणाला तरी आधी मोजावा लागला, कुणाला तरी तो गांभीर्याने घ्यावा लागला. चिंतामणरावांनी तो घेतला, कारण पटवाऱ्याच्या दप्तरामागचा माणूस त्यांनी पाहिला होता.

तेव्हा तलाठीभाऊ, नोंद करताना बांधावर जाऊन करा. सचिवभाऊ, सोसायटीचं दप्तर सभासदाला दाखवा, त्याला वाचून दाखवा. आणि शेतकरी बंधूंनो, वार्षिक सभेला चहा पिऊन परत येऊ नका. ताळेबंद मागून घ्या, समजला नाही तर विचारा, पटला नाही तर सही करू नका. नाते गावच्या माणसाने देशाच्या मंत्रिमंडळात हेच केलं. आपल्याला ते गावच्या सभेत करायचं आहे.